मार्थाबाईला सांगितलेली ओळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत गुडघे टेकतो तेव्हाही 'माझ्या सर्व अपराधांची क्षमा कर' एवढेच म्हणतो — सर्व म्हटले म्हणजे त्यात हेही आलेच, अशी माझी सोयीची समजूत. मोघम लिहिलेला अर्ज कचेरीत पडून राहतो, हे मी इतरांना रोज बजावतो. स्वतःच्या बाबतीत मात्र — पण ते असो. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तर सलाम करणार नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणे जमेल असे वाटते. जमेल का, कोण जाणे.

मी सोलापूरच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. शिक्षण मिशनच्या शाळेत मराठी सहावीपर्यंत झाले. पुढच्या परीक्षेला बसलो होतो, एवढे मी लोकांना सांगतो. निकाल सांगत नाही. तथापि माझे अक्षर आणि माझी भाषा यांबद्दल या जिल्ह्यात दुमत नाही. मोहोळची, करमाळ्याची माणसे आगगाडीतून उतरून 'मुन्शी कुटं बसत्यात' असे विचारीत थेट माझ्या चटईपाशी येतात. हे बढाईसाठी लिहीत नाही. लिहीत नाही ना? निदान पुढचे समजण्यासाठी ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्ज नुसता गयावया करणारा असून भागत नाही. त्यात एखादे कलम, एखादा सरकारी ठराव आणि त्याचा आकडा असावा लागतो. ज्याला अक्षर येत नाही तो अर्जदारसुद्धा अंगठा उठवण्याआधी विचारतो, "नंबर घातलाय न्हवं?" आकडा ऐकला की त्याचा चेहरा उजळतो. आणि खरे सांगायचे तर तो आकडा मला दर वेळी ठाऊक असे, असे नाही. ठाऊक नसला की सुचेल तो घालीत असे. कारकून तपाशीत नसत. काम व्हायचे तर व्हायचे, न व्हायचे तर नाही. पण माणूस घरी ताठ मानेने जायचा. आकडा बोलताना जीभ अडखळू द्यायची नाही, एवढेच त्यातले कसब.

ते कसब मी एकदा नको त्या ठिकाणी वापरले. आता एकदम सांगून मोकळे व्हावे, असे वाटते. पण तसे सांगितले तर तुम्हाला ते लहान वाटेल. जरा मागून यावे लागेल.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. बहुतेक लोक गिरणीत कामाला, दोघे-तिघे मिशनच्या दवाखान्यात, आणि कचेरीच्या बाजूला मी. रविवारी गिरणी बंद, म्हणून रविवारी उपासना सोयीची. आणि रविवारी प्रभू मरणातून उठला, म्हणून ती योग्यही. या दोहोंतले खरे कारण कोणते, असे आम्ही कधी विचारले नव्हते. उपासनेतले शास्त्रवाचन माझ्याकडे असे. पाळकसाहेबांचा आवाज बारीक होता. माझा मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. चाळीत कोणी शास्त्रातले काही विचारले की लोक म्हणत, मुन्शीला विचारा. मला ते आवडे. फार आवडे.

अशात पुण्याकडून एक पुस्तके विकणारा उपदेशक चाळीत येऊ लागला. सौम्य माणूस. कोणाशी वाद घालीत नसे, चहा दिला तर नको म्हणून पाणी मागे. त्याचे म्हणणे थोडके होते. देवाने सातवा दिवस पवित्र केला. सातवा दिवस म्हणजे शनिवार. आणि तो बदलून रविवार केल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. असेल तर दाखवा, म्हणे.

हा 'दाखवा' चाळीत पसरला. नळावर, जिन्यात, गिरणीच्या फाटकात तोच विषय. शेजारी नरसय्या नावाचा तेलुगू विणकर राहत असे. घरीच माग चालवायचा. तो आम्हाला हसत म्हणे, "आमचा माग अमावस्येला बंद. वर चंद्र बघायचा, झालं. तुमच्या देवानं जाताना वार सांगितला न्हाय काय रे?" आम्हीही हसायचो. मी जरा कमी हसायचो, कारण नंतर सगळे माझ्याकडे बघत.

मी शोधले होते, हे इथे नोंदवतो. रोज कचेरीतून आल्यावर पुस्तक उघडून बसलो. काय सापडले? आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, शिष्य एकत्र जमल्याचे सापडले. त्यांनी भाकर मोडल्याचे सापडले. दिवसांवरून कोणी कोणाला दोषी ठरवू नये, अशा अर्थाचेही एके ठिकाणी सापडले. पण सातवा सोडा आणि पहिला धरा, अशी सरळ आज्ञा — ती सापडली नाही. शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मुन्शी, तशी ओळ नाही. प्रभू ज्या दिवशी उठला तो दिवस आपण आनंदाने पाळतो, हुकूम आहे म्हणून नव्हे. विचारील त्याला असंच सांगा." उत्तर एवढे साधे होते. त्यात खोटे काही नव्हते. परंतु मला ते आकडा नसलेल्या अर्जासारखे वाटले. असे उत्तर घेऊन मी नळावर कसा उभा राहणार होतो?

आता मार्थाबाई.

मार्थाबाई केम गावाकडची. नवरा वारल्यावर तान्हे मूल घेऊन ती सोलापुरास आली आणि गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात लागली. राहायला आमच्या चाळीलगतची गिरणीचीच खोली. काम आहे तोवर खोली आहे, असा तिथला नियम. मुलगा याकोब मिशनच्या शाळेत शिकला आणि पुढे त्याच गिरणीत मागावर लागला. दोघे एकाच भोंग्याला घरून निघत, तो एक पाऊल पुढे, ती त्याच्या मागे, डबा तिच्या हातात. मला ती मुन्शीदादा म्हणे आणि तो मामा. नात्याने आम्ही कोणी नव्हतो.

उपदेशकाचे बोलणे याकोबाला पटले. तो बोलघेवडा नव्हता. पटले म्हणजे पटले. त्याने शनिवारी गिरणीत जाणे बंद केले. मुकादमाने त्याला फाटकात सगळ्यांदेखत विचारले, "शनिवारी तुझा देव, रविवारी गिरणी बंद. मग येतोस कशाला, तोंड दाखवायला?" पुढच्या आठवड्यात त्याचा माग दुसऱ्याला दिला. याकोब बाजारात पोती उचलू लागला, आणि संध्याकाळी आईला शास्त्र वाचून दाखवू लागला. सहा दिवस काम कर, सातवा देवाचा — हे तिने पूर्वीही ऐकले होते, पण आता ते मुलाच्या तोंडून ऐकले. तिला भीती वाटू लागली. खोली जाण्याची नव्हे; देवाची.

एका शुक्रवारी संध्याकाळी ती नळावर आली. हातात घागर नव्हती. मी तोंड धूत होतो. नरसय्या होता, बायका होत्या, गिरणीतून परतलेले दोघे-तिघे विड्या ओढत उभे होते. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मुन्शीदादा, मला एकच सांगा. वार बदलला असं देवानं कुटं लिवलंय का? लिवलं असंल तर उद्या भोंग्याला जाते. नसंल तर न्हाय जायची. मग खोली गेली तर गेली."

मी पंच्याने तोंड पुसले, पुसतच राहिलो.

"सांगा की," नरसय्या म्हणाला. "तुमचं तर समदं पाठ हाय म्हणता."

मागून कोणीतरी म्हणाले, "नंबरासकट सांगा, मुन्शी."

तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते, हे मी विचारीत नाही. मी काय केले ते सांगतो. मी म्हणालो, "लिहिलेले आहे." आणि पंचा खांद्यावर टाकून, उपासनेत वाचतो त्या आवाजात, म्हणून दाखवले — 'सातव्याचे ओझे मी तुम्हांवरून उतरविले आहे, पहिला वार मी तुम्हांसाठी राखून ठेविला आहे, त्यात विसावा घ्या.' लगोलग पुस्तकाचे नाव, अध्याय आणि ओळीचा आकडा सांगितला. जीभ अडखळली नाही.

"परत म्हणा," ती म्हणाली.

मी परत म्हटले. ती माझ्यामागून म्हणू लागली, शब्दाला शब्द जोडीत, डोळे मिटून. तिसऱ्या खेपेला तिला पूर्ण आले. मग तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "लई गोड बोललाय देव."

देव बोलला नव्हता. मी बोललो होतो. ती ओळ शास्त्रात कोठेही नाही. ती माझी आहे, नळावर तोंड पुसता पुसता केलेली. हेच ते, जे मी सांगितलेले नाही.

तिचे काम आणि खोली वाचावी म्हणून मी तसे केले, असे पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. पण ते खरे नाही. त्या वेळी खोली माझ्या मनातही नव्हती. माणसे माझ्याकडे बघत होती, एवढेच मनात होते. आणि — हेही लिहून टाकतो — ओळ चांगली साधली, असेही मनात आले होते.

शनिवारी ती भोंग्याला गेली. सोमवारी याकोब कचेरीबाहेर आला. अर्जदारांच्या ओळीत शेवटी बसून राहिला; आपली पाळी आली तेव्हा चटईवर पुढे सरकला. म्हणाला, "मामा, तुम्ही सांगितलेला अध्याय बघितला. त्यात तेवढ्या ओळीच न्हाईत. पुढचा बघितला, मागचा बघितला. आकडा चुकून सांगितला का?"

किती सोपी वाट त्याने करून दिली होती. 'चुकून' हा शब्दसुद्धा त्यानेच पुढे ठेवला होता. व्हय, चुकलो, एवढे म्हणायचे होते. माझ्या डाव्या हाताला दुसरा अर्जनवीस बसला होता, उजवीकडे मोहोळचे दोन पाटील. मी चष्मा काढून पुसला आणि म्हणालो, "तुझे पुस्तक त्या उपदेशकाच्या लोकांकडून घेतलेले. जुन्या छपाईत ओळ आहे. त्यांनी काय ठेवले, काय गाळले, ते त्यांना विचार."

त्याने माझ्याकडे बघितले. त्याला कळले होते. मला कळले की त्याला कळले आहे. मग तो "बरं" म्हणाला आणि उठून गेला.

आई आणि मुलात काय बोलणे झाले, ते चाळीने ऐकले, मीही ऐकले. तो म्हणे, ओळ न्हाय. ती म्हणे, होती, तुझ्या लोकांनी कापली. तो म्हणे, आये, तुझ्या डोळ्यांम्होरं समदा अध्याय वाचतो. ती म्हणे, कापल्यावर काय वाचशील. तो माझे नाव घेऊ शकला असता. मुन्शी खोटे बोलला, एवढे म्हणायला त्याला काय लागत होते? त्याने ते म्हटले नाही. का म्हटले नाही, याचा विचार मी करीत नाही. केला की बसवत नाही.

शेवटी तो पुण्याकडे त्या लोकांच्या कामावर निघाला. पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन तो नळाजवळून गेला तेव्हा ती दारात उभी होती. "ज्यांनी देवाचं बोलणं कापलं, त्यांच्यात जाणारा माझा न्हाय," असे ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली. मी माझ्या दारात डोक्याला रुमाल बांधीत होतो. बांधलेला सोडला आणि पुन्हा बांधला.

त्यानंतर वर्षे गेली. तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांत एकदाही — हो, दर रविवारी. उपासना सुटली की ती माझ्याकडे येई, पदराच्या टोकात बोरे, शेंगा, काहीतरी बांधून आणलेले असे. "मुन्शीदादा, तुमच्यामुळं मी तरले," असे म्हणे. कसे सांगायचे? ओळ खोटी आहे, असे सांगितले तर मुलगा खरा होता, हेही सांगावे लागले असते. म्हणजे तिने खऱ्या मुलाला घालवले आणि खोट्या माणसाला बोरे दिली. प्रत्येक रविवारी हे सांगणे आदल्या रविवारपेक्षा जड होत गेले. मी बोरे घेत होतो.

आणि ओळ चालू लागली. तिने ती खात्यातल्या बायकांना शिकवली; नवी कोणी ख्रिस्ती बाई कामाला आली की आधी ती ओळ. कोणी थकून बसली की दुसरी म्हणे, 'ओझे उतरविले आहे.' पाळकसाहेबांनी ती कोठेतरी ऐकली. त्यांना वाटले, बायकांनीच केलेले एखादे गाणे असावे. मला म्हणाले, "ऐकलंत का? बरं आहे हो." मी म्हणालो, बरे आहे.

याकोबाचे निरोप येत. सोलापूरला येणाऱ्या माणसाबरोबर तो कधी लुगडे धाडी, कधी नुसती खुशाली. लुगडे ती परत पाठवी. खुशाली मात्र दोनदा ऐके; बसलेल्या माणसाला म्हणे, "काय म्हनलास? नीट ऐकू आलं न्हाय."

मागच्या हिवाळ्यात तिची छाती धरली. सुताची धूळ इतकी वर्षे आत गेलेली, खोकला थांबेना. पाळकसाहेबांनी याकोबाला कळवले. तो शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आत, सोलापूरला उतरला. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागे, आणि त्यात तो प्रवास करीत नसे. केस कानांपाशी पिकले होते. मला बघून म्हणाला, "सलाम, मामा."

शनिवारी सकाळी तिने मला बोलावले. खोलीत ती, तो आणि मी. पाळकसाहेब नव्हते, चाळीतले कोणी नव्हते. नळावर होती तशी माणसे तिथे नव्हती, हे लक्षात घ्या. ती उशीला टेकून बसली होती. मुलाचा हात तिने हातात घेतला नव्हता, पण तो जवळ बसला होता, हेच खूप होते.

"दादा, ते म्हणा," ती म्हणाली. "याच्याम्होरं म्हणा. एकदा तरी तुमच्या तोंडानं ऐकू द्या त्याला."

मी याकोबाकडे बघितले. त्याने मान खाली घातली नाही, डोळेही वटारले नाहीत. आता सांगतो, असे मी मनात म्हटले. घसाही साफ केला. सांगितले असते तर काय झाले असते? तिच्यापाशी दिवस उरले होते किती, आणि त्यात तिने ते कुठे ठेवले असते? पण ही माझी वकिली झाली. तेव्हा मी असा काही विचार केला नाही. मी तोंड उघडले आणि ओळ बाहेर आली. पूर्ण. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

तिने मुलाकडे तोंड वळवले. "हाय का न्हाय लिवलेलं? तू सांग. तू खोटं बोलत न्हाईस."

ज्याने लिहिलेले नाही ते लिहिलेले आहे असे म्हणायला नकार दिला, आणि त्यापायी माग घालवला, घर घालवले, आई घालवली, त्याला ती हे विचारीत होती. शनिवारी.

"व्हय आये," तो म्हणाला. "हाय लिवलेलं. मीच तवा नीट बघितलं न्हवतं."

तिने हात उचलून त्याच्या गालाला लावला. "मग इतकी वर्सं कुटं होतास रं, येड्या," म्हणाली.

तिला झोप लागली तेव्हा तो बाहेर आला. मीही मागोमाग आलो. का आलो, ठाऊक नाही. तो नळापाशी गेला आणि चूळ भरली. पुन्हा भरली. पुन्हा. मी घरातून तांब्या आणून पुढे केला. त्याने तो घेतला नाही. नळाखालीच ओंजळ धरली. नंतर तोंड पुसून म्हणाला, "मामा, पाळकसाहेबांना जरा सांगता का, दुपारच्याला येऊन जा म्हणावं. तिला बरं वाटंल."

मी सांगून आलो.

रविवारी पहाटे ती गेली. मंडळीत लोक म्हणाले, बाईला तिचा वार मिळाला. माती दुपारी द्यायची होती, म्हणून पाळकसाहेबांनी सकाळची उपासना ठेवली. याकोब आला होता, मागच्या भिंतीपाशी बसला होता. वाचनाची वेळ आली तेव्हा पाळकसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, आज दुसऱ्या कोणाला देऊ का. मी नको म्हणालो. उठलो, पुस्तक उघडले आणि वाचले. मागच्या भिंतीपर्यंत स्पष्ट ऐकू गेले असावे. आवाज चांगला लागला होता.